नव्वदला शंभर ग्रॅम कमी

बाबा, परवा एका जपानी पैलवानाचे केस कापताना पाहिले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. आपला मध्य प्रदेश जाऊन इथं छत्तीसगड झालं, तुमच्या नातवाला मिशा फुटल्या, मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवू शकत नाही. पण त्यातलं काहीच कागदावर उतरवावंसं वाटलं नाही. या पैलवानाचं मात्र लिहिल्यावाचून राहवेना. गेली बारा वर्षं मी त्याच्या सुमो कुस्त्या मोबाईलवर पाहते आहे. तुमचे जावई चिडवतात, ‘झाली का तुझ्या जपान्याची कुस्ती? मग चहा टाक.’ भिलाईत राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई रोज दुपारी दोन उघड्या डोंगरांना एकमेकांवर आदळताना का पाहते, हे त्यांना कळत नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

तो पंधराव्या वर्षी तालमीत गेला. तिकडे पोरगा तालमीतच राहतो, पहाटे तीच झाडतो, मोठ्यांचं जेवण रांधतो, त्यांची पाठ घासतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसतो. वर्षातून सहा स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धेनंतर सगळ्यांची यादी नव्यानं लिहितात. जास्त जिंकलात तर नाव वर, जास्त हरलात तर खाली. आमचा हा भराभर वर चढला, मग त्याचा गुडघा गेला. नाव घसरत घसरत इतकं खाली आलं की ज्या पोरांनी कालपर्यंत त्याची पाठ घासली, त्यांच्याच रांगेत तो जाऊन बसला. मला वाटलं, संपला. दोन वर्षांनी गडी परत वर आला, आणि त्या दिवशी मी चहाऐवजी शिरा केला. नंतरही तो बरीच वर्षं खेळला. शेवटी शरीरानंच नाही म्हटलं आणि त्यानं सोडलं. तिकडे कुस्ती सोडणाऱ्याच्या डोक्यावरची केसांची गाठ सगळ्यांसमोर कापतात.

तुम्हाला आठवतं का, सुपेल्याच्या न्हाव्याकडून तुम्ही एका हिंदी मासिकाचं पान मागून आणलं होतं? त्यावर असाच एक जपानी पैलवान होता, पोट मांडीवर आलेलं, डोक्यावर केसांची गाठ. ते पान तुम्ही तालमीत वस्तादांना दाखवलंत, आणि एवढा माणूस कोणत्या वजनात खेळतो म्हणून विचारलंत. वस्ताद म्हणाले, त्यांच्यात वजनाचे गटच नसतात; दीडशे किलोचा गडी शंभर किलोच्याशीही लढतो. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, “तिथंच जन्माले घालाचं होतं मले. पोटभर जेवलो असतो.” पुढे कितीतरी दिवस ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. आई शर्ट काढायला कपाट उघडायची आणि दर वेळी नाक मुरडायची.

तुमचं सगळं आयुष्य काट्यावर गेलं. वर्ध्याकडच्या गावातून कुस्तीच्या जोरावर तुम्ही भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागलात, आपल्याला मरोद्याला क्वार्टर मिळालं, आणि नव्वद किलोच्या गटात मध्य प्रदेशाच्या संघातून तुम्ही चार वेळा खेळून आलात. पण तुमचं अंग होतं पंच्याण्णव-शहाण्णवचं. म्हणून प्रत्येक निवडीच्या आधी घरात तो आठवडा यायचा. वजनाच्या आठवड्यात आपल्या घरात फोडणी पडत नसे, तिच्या वासानं तुमचे हाल नकोत म्हणून. आई आणि मी शेजारच्या काकींकडे जेवायचो, पाण्याचा माठसुद्धा त्यांच्याकडेच जायचा. आणि तुम्ही कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हन भट्ट्यांच्या माथ्यावर, जिथं माणसांना अंगावरचा सदराही नकोसा होतो, तिथं मे महिन्यात आईनं विणलेला लोकरी स्वेटर घालून पाळी करायचा. सोबतची माणसं हसायची. तुम्हीही हसायचा, आणि घामानं ओला झालेला तो स्वेटर घरी आणून आईच्या हातात द्यायचा. मी तो पिळायची. मला त्यात गंमत वाटायची, कारण बादलीत पडणारं पाणी म्हणजे आपली जीत, असं तुम्हीच मला शिकवलं होतं.

वजन मात्र तुम्ही एकाच ठिकाणी करायचा, चरोद्याला. वस्ताद तिथं रेल्वेच्या मालगोदामात कामाला होते. गोदामाच्या उघड्या फलाटावर एक मोठा लोखंडी काटा होता, पोती आणि पेट्या तोलायचा. खाली फळी, मागे खांब, आणि खांबावर दांडी, जिच्यावर वजन सरकवत न्यायचं. फळीवर उभा असलेला माणूस मान वळवून पाहू लागला की दांडी हलायची, म्हणून तुम्ही समोर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचा आणि आकडा मी वाचायची. सहावीपासून ते काम माझंच होतं. “आकड्यात माही पोरगी पक्की हाय,” असं तुम्ही वस्तादांना सांगायचा, आणि तेही मिशीतल्या मिशीत हसून बाजूला व्हायचे. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, ती लाल माती मी आयुष्यात कधी तुडवली नाही. तुमच्या कुस्तीत माझी जागा एवढीच, काट्यामागे. मला ती फार मोठी वाटायची.

मी आठवीत होते तो उन्हाळा. तुम्ही छत्तीस वर्षांचे होता. मागच्या वर्षी खांद्यामुळे संघ हुकला होता, आणि यंदाही हुकला तर सरावासाठी दुपारी लवकर सुटण्याची सवलत जाणार, पूर्ण पाळ्या कराव्या लागणार, म्हणजे कुस्ती संपली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निवड दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गला होती. आदल्या दुपारी आपण दोघं चरोद्याला गेलो. तुम्ही स्वेटर घालून यार्डाच्या कडेनं तासभर पळून आलात, अंग पुसलंत, सगळे कपडे काढून नुसत्या लंगोटावर काट्यावर चढलात. वस्तादांना कोणीतरी कागदासाठी बोलावलं म्हणून ते आत गेले होते. मी वजन सरकवलं. ते एक्क्याण्णवच्या थोडं पुढे गेलं तेव्हा दांडी स्थिरावली. तुम्ही भिंतीकडे पाहत विचारलंत, “किती हाय माय?”

मी म्हटलं, “नव्वदला शंभर ग्रॅम कमी.”

तुम्ही डोळे मिटून एक मोठा श्वास सोडलात, तो मला अजून ऐकू येतो. आणखी तासभर पळायचं ठरलं होतं, ते तुम्ही रद्द केलंत. झोपेत अर्धा किलो आपोआप जातो हा तुमचा हिशेब पक्का होता, म्हणून घरी आल्यावर तुम्ही आईकडे चक्क लिंबूपाणी मागितलंत. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पेलाभर पाणी तुम्ही घोट घोट करत अर्धा तास प्यायलात, मधेच थांबून पेल्यात पाहत होता, किती उरलंय ते. तेव्हा मी सांगू शकले असते. अजून वेळ होता. मी शेजारी बसून गणिताचं पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि एकही ओळ वाचत नव्हते.

दुर्गला सरकारी काट्यानं सातशे ग्रॅम जास्त दाखवलं. तुम्हाला आधी खरंच वाटेना, तुम्ही खाली उतरून परत चढलात. तासाभराची मुदत होती. तुम्ही स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या घातल्या, थुंकत राहिलात, कोरड्या तोंडात थुंकीसुद्धा येत नव्हती. वस्ताद तुमच्या बाजूनं चालत होते, त्यांच्या वयाला पळणं झेपत नव्हतं. मी पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. वजनानंतर तुम्ही खायचं म्हणून आईनं पहाटे उठून केलेला शिरा त्यात होता. परत काट्यावर चढलात तेव्हा तीनशे ग्रॅम उरले आणि मुदतीची दहा मिनिटं. तेव्हा वस्ताद कुठून तरी औषधाच्या पेटीतली कात्री घेऊन आले आणि तुम्हाला स्टुलावर बसवलं.

किती दाट केस होते तुमचे. आई दर रविवारी त्यांना तेल घालायची आणि ‘बाईच्या जातीले द्याचे होते हे’ म्हणून कुरकुरायची. वस्तादांनी ते मुळापासून कापले. पट्टीचं कापड कापायची ती कात्री, केस नीट कापले जात नव्हते, ओढले जात होते. तुम्ही मान खाली घालून गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आजूबाजूला पोरं गोळा झाली होती, काही हसत होती. केस तुमच्या खांद्यांवर पडले, घामाला चिकटले, आणि वस्तादांनी ते एकेक करून टॉवेलनं पुसून काढले, कारण अंगावर राहिले तर वजनात धरले गेले असते. परत काट्यावर चढलात, तरी दोनशे ग्रॅम जास्तच. तिथं काटा थांबला तो थांबलाच. समोरच्या माणसानं वही बंद केली.

परवाच्या त्या जपान्याला आखाड्याच्या मधोमध खुर्चीवर बसवलं होतं, सणाच्या कपड्यांत. हजारो माणसं शांत. एकेक जण आखाड्यात येऊन सोनेरी कात्रीनं त्याच्या केसांची बट कापत होता, सोबत वाढलेले, त्याला हरवलेले, त्याच्याकडून हरलेले, सगळे. त्याची आई म्हातारी आहे. त्यांच्याकडेही बायकांनी त्या मातीवर पाय ठेवायचा नाही, म्हणून तिच्यासाठी तो खाली उतरून बसला. शेवटची कात्री त्याच्या वस्तादांची. गाठ सुटली, तसा तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मीही रडले, आणि तुमचे जावई घाबरून पाणी घेऊन आले. तुमचेही केस तुमच्या वस्तादांनीच कापले, बाबा. ती तुमची शेवटची कुस्ती होती, न खेळलेली, हे फक्त तिथं कोणी म्हटलं नाही.

त्याऐवजी तुम्ही काट्यावरून उतरलात आणि सगळ्यांसमोर बोललात. ज्या माणसापुढे तुम्ही कधी मान वर केली नव्हती, त्यांना म्हणालात, “वस्ताद, तुमच्या काट्यानं खाल्लं मले.”

वस्तादांच्या हातात कात्री तशीच होती. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. माझी नजर डब्याच्या झाकणावर होती, तरी मला ते कळत होतं. मग हळू आवाजात म्हणाले, “असन बा. जुना काटा हाय तो.”

परतीच्या लोकलमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होता, डोक्यावर टॉवेल बांधून. शिरा तुम्ही मला खायला लावलात. ‘तू खा माय, तुह्यावर कायले उपास,’ म्हणालात. मी तो सगळा खाल्ला. भूक लागली होती, म्हणून खाल्ला.

तुम्ही पूर्ण पाळ्या करू लागलात आणि चरोद्याची वाट सोडलीत. गुरुपौर्णिमेला नारळ आणि मुंडासं घेऊन सगळे पठ्ठे वस्तादांकडे जायचे, ते प्रत्येकाच्या कपाळाला आखाड्याची माती लावायचे. तुम्ही गेला नाहीत. संध्याकाळी एक पठ्ठ्या सायकलवरून आपल्याकडे आला आणि कागदाच्या पुडीत बांधलेली चिमूटभर लाल माती देऊन गेला. तुम्ही पुडीला हात लावला नाही, आईनं ती तुळशीत टाकली. पुढच्या वर्षी परत पुडी. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी मी दार उघडायची, पुडी घ्यायची आणि ठरवायची, आज सांगते. तुम्ही खाटेवर पडून म्हणायचा, “एक खोटा काटा ठेवला त्या मानसानं, अन् आता माती पाठवून राह्यला.” आई म्हणायची, जाऊ द्या आता. मी आत निघून जायची.

मी कॉलेजात असताना वस्ताद निवृत्त होऊन गोंदियाकडे गावी निघाले. जायच्या आधी ते आपल्या क्वार्टरला आले होते, हे तुम्हाला कधीच कळलं नाही. तुम्ही पाळीवर होता, आई बाजारात. ते आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “काटा खरा होता बाई. मी दुसऱ्याच दिवशी वीस-वीसची वजनं ठेवून पाह्यला.”

मी कसंबसं विचारलं, “मंग बाबाले कावून नाई सांगितलं तुमी?”

“त्याचा वस्ताद गेला तं त्याले दुसरा भेटन. पोरगी गेली तं कुठून आनन तो?” एवढं बोलून ते उठले. चपला घालताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की मी तसं का केलं. विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं.

आणि मग तुमचं दुखणं. हृदयानं दगा दिला होता, दवाखान्यात तिसरा आठवडा होता, आणि एका सकाळी तुम्ही मला पोस्टकार्ड आणायला लावलंत. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. ‘वस्तादांना दंडवत. काट्याचं मी मनातून काढून टाकलं. म्हाताऱ्या मानसाच्या हातून चूक होते. रागावू नका.’ तुम्ही माफ करत होता, बाबा, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना, आणि ती माफी मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिली. खाली तुम्ही सही केलीत, मी कार्ड पेटीत टाकलं. तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘पैलवानाला सांगा, तो काटा भंगारात गेला. आता भेटायला यावं.’ ते कार्ड मी आईलाही दाखवलं नाही.

ही सगळी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. तुमचे ओठ फुटले होते, पळून आल्यावर पाय लटपटत होते, तेरा वर्षांच्या पोरीला बापाची दया आली आणि तिनं आकडा कमी सांगितला. चांगली गोष्ट आहे. अपराध आहे, पण प्रेमाचा आहे. वस्तादांनीही बहुतेक तेच धरलं असावं. परवा तो जपानी पैलवान रडत होता तेव्हा कॅमेरा त्याच्या मुलीवर गेला. असेल दहा-बारा वर्षांची. सगळ्या जगानं तिच्या बापाला उघड्या अंगानं पाहिलेलं, आणि ती मान ताठ करून त्याच्याकडे पाहत होती. तिथं मी मोबाईल बंद केला.

त्या दुपारी चरोद्याच्या गोदामासमोरच्या रेल्वे पुलावर माझ्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या, ऑफिसरांच्या मुली, कुठल्याशा गाडीची वाट पाहत. त्यांनी मला ओळखलं. मग त्यांनी तुम्हाला पाहिलं, मालाच्या काट्यावर, पोत्यांच्या मधे, नुसत्या लंगोटावर. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. खरा आकडा सांगितला असता तर तुम्ही परत तासभर त्यांच्यासमोर पळत राहिला असता, आणि मला तुमचे कपडे धरून तिथं उभं राहावं लागलं असतं. तुम्ही लवकर खाली उतरून पँट घालावी, एवढंच माझ्या मनात होतं, बाबा. तुमचे ओठ मला नंतर आठवले.